बाजारातून दोनदा गेलेला माणूस

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या मराठी मंडळींत सुलभा टिल्लूबरोबर सिनेमा बघायला बसायची कुणाची तयारी नसते. पडद्यावर हिरो गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत असतो, सगळ्यांनी हातातले चिवड्याचे घास तसेच धरलेले असतात, आणि सुलभाकाकू शांतपणे म्हणतात, "मघाशी रक्त उजव्या भुवईवर होतं." मग कुणीतरी मागे नेऊन बघतं, रक्त खरोखरच उजव्या भुवईवर निघतं, आणि पुढचा सिनेमा कुणालाच धड बघता येत नाही.

ही खोड तिला अमेरिकेनंच लावली. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न करून ती सांगलीहून इथं आली, तेव्हा तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नवरा, प्रल्हाद, ऑफिसला गेला की घरात ती, टीव्ही आणि लायब्ररीतून आणलेल्या व्हिडिओ कॅसेट. इंग्रजी तिनं कॉलेजात वाचलं होतं, ऐकलं नव्हतं. कौटुंबिक सिनेमात माणसं सारखी बोलायची आणि तिला ओ की ठो कळायचं नाही. म्हणून ती मारामारीचे सिनेमे आणायला लागली. त्यांत बोलणं कमी. कानांना काम उरलं नाही, तसे डोळे भलतीकडे फिरायला लागले. फुटलेली काच पुढच्याच क्षणी सांधलेली असते, सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून अकरा गोळ्या सुटतात, नदीत पडलेल्या माणसाचे केस बाहेर येताना कोरडे असतात. पहिल्यांदा अशी चूक सापडली त्या संध्याकाळी प्रल्हाद घरी आला तेव्हा दारातच तिनं त्याला आनंदानं सांगितलं होतं, "हे लोक आपल्याला फसवताहेत!"

पुढे व्हिसा बदलला, मुलीचा, दीपाचा, जन्म झाला, सुलभाला एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली. तिथंही तिचं तेच, दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट शोधायची. तिला येताना बघून प्रोग्रामर पोरं कॉफीचं यंत्र सोडून पळायची असं ती अजून अभिमानानं सांगते. दोन वर्षांपूर्वी तो विभागच बंद झाला आणि ती घरी बसली. बसली म्हणजे एका वेबसाइटसाठी फुकट काम करायला लागली. सिनेमातल्या चुका जगभरचे लोक या साइटवर कळवतात, आणि त्या खऱ्या की बनावट हे बघून छापायचं की नाही ते पाच-सहा तपासनीस ठरवतात. त्यांतली ती एक. शिकागोत चित्रीकरण झालेले सिनेमे तिच्या वाट्याचे.

तिची पद्धत पक्की होती. आधी कळवणाऱ्यावर संशय घ्यायचा, मग सिनेमावर. लोक वाटेल त्या थापा मारतात हे तिला माहीत होतं.

मार्चमधल्या एका सकाळी पोह्यांची बशी बाजूला सारून तिनं लॅपटॉप उघडला, तर एक नवी चूक येऊन पडली होती. सिनेमा मागच्याच वर्षीचा. त्यात खलनायक मुंबईच्या बाजारातून पळतो आणि हिरो त्याच्यामागे ट्रक घेऊन लागतो. मुंबईचा तो बाजार उभारला होता शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, डेव्हन ॲव्हेन्यूवर. काळ्यापिवळ्या टॅक्सींचं स्टिअरिंग डावीकडे होतं, मिठाईच्या दुकानाच्या पाटीवर शिकागोचा फोन नंबर होता, ते सगळं सुलभानं केव्हाच तपासून छापलं होतं. आता कुणा नव्या सभासदानं इंग्रजीत लिहिलं होतं : क्रीम रंगाचा सफारी घातलेला एक जंटलमन भांड्यांच्या दुकानासमोरून डावीकडून उजवीकडे जातो. हिरो ट्रकवरून उडी मारतो. लगेच तोच जंटलमन त्याच दुकानासमोरून पुन्हा डावीकडून उजवीकडे जातो. एवढ्यात तो मागे आला कधी? शेवटी लिहिलं होतं, 'काइंडली डू द नीडफुल.'

सुलभाला हसू आलं. कुणीतरी आपल्याकडचाच माणूस दिसतोय. पण लगेच तिच्या कपाळाला आठी पडली. हिरो धावत्या ट्रकवरून उडी मारत असताना हा इसम मागच्या गर्दीतल्या एका सफारीकडे का बघत होता?

तिनं तो प्रसंग लावला. भांड्यांचं दुकान आलं. सफारीवाला डावीकडून आला, जांभळ्या साडीतल्या एका बाईनं त्याच्या कोपरात हात घातलेला, आणि दोघं उजवीकडे निघून गेली. ट्रक, उडी, आरडाओरडा. पुन्हा दुकान, पुन्हा तीच जोडी, पुन्हा डावीकडून. चूक अगदी खरी होती.

आणि सफारीवाला प्रल्हाद होता.

ती लगेच तसं म्हणाली नाही, अगदी मनातसुद्धा नाही. एका चित्रावर विश्वास ठेवायचा नसतो. तिनं मागे नेलं, थांबवलं, मोठं केलं. चेहरा पुसट होता. मिशी होती, आणि प्रल्हादला मिशी नाही. पण त्या माणसाचा उजवा हात बाईनं धरलेला होता, आणि डावा मोकळा असूनही चालताना अंगाला चिकटलेला, जणू काखेत घडी केलेला पेपर धरलाय. प्रल्हादचा खांदा आखडल्यापासून तो असाच चालत होता. मग तिला मिशीही आठवली. त्यानं मध्ये एकदा ठेवली होती. सगळे हसले होते, दिवाळीच्या आत त्यानं ती काढूनही टाकली. का ठेवली विचारलं तर म्हणाला होता, "सहज."

सहज! बत्तीस वर्षांत या माणसानं शर्टाचा रंग सहज बदलला नव्हता.

जांभळ्या साडीचा चेहरा मात्र एकाही ठिकाणी दिसेना. सुलभानं तो प्रसंग इतक्या वेळा बघितला की पोहे पार दगड झाले. बाई प्रत्येक वेळी प्रल्हादकडे तोंड करून होती, आणि काहीतरी बोलत होती.

संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवत तिनं विषय काढला.

"डेव्हनला जाऊया का रे शनिवारी? खूप दिवसांत गेलो नाही."

"डेव्हनला?" प्रल्हाद कपात बघत म्हणाला. "पार्किंग मिळत नाही तिथं. मी तर किती वर्षांत पाय ठेवला नाही."

"तिथं म्हणे शूटिंग झालं होतं कसलंसं."

"असेल." त्यानं चहा घाईनं प्यायला, जीभ भाजली तरी थांबला नाही. "आणि शनिवारी मला ऑफिसात जायचंय. सर्व्हर हलवायचेत."

सर्व्हर. गेले कित्येक महिने त्यांच्या ऑफिसातले सर्व्हर शनिवारीच हलत होते. इतके दिवस तिनं त्यात काही पाहिलं नव्हतं. परक्या लोकांच्या सिनेमातली घड्याळं तपासत बसली आणि स्वतःच्या घरातल्या शनिवारांकडे बघितलंच नाही, हे तिच्या जिव्हारी लागलं.

दीपा सिॲटलला असते, पशुवैद्य आहे. सुलभानं तिला दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लावला आणि आडून आडून सुरुवात केली. बाबा काही बोलला का तुझ्याशी, त्याचं काही वेगळं वाटतं का तुला. मग राहवलं नाही आणि सगळंच सांगून टाकलं. सिनेमा, सफारी, जांभळी साडी.

पलीकडून फक्त कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं.

"दीपा? आहेस ना?"

"या, आय ॲम हिअर. आई, जस्ट आस्क हिम."

"म्हणजे तुला माहीत आहे काहीतरी."

"आय डिडंट से दॅट. आय हॅव अ पेशंट वेटिंग. लव्ह यू, बाय."

सुलभानं फोन ठेवला. प्रश्न ऐकल्यावर खरं बोलणारा माणूस विचारतो, 'काय? कोण बाई?' दीपानं बाईबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. म्हणजे पोरगीही सामील होती. त्या बाईला भेटलीही असेल. कोण जाणे, तिला आवडलीही असेल.

शनिवारी प्रल्हाद नाश्ता करून निघाला. हातात एक लांबट पिशवी होती, कपडे अडकवायची असते तशी. "ड्रायक्लीनिंग," तो न विचारताच म्हणाला. तो कोपऱ्यावर वळल्यावर सुलभानं आपली गाडी काढली.

ऑफिस पश्चिमेला. प्रल्हाद हायवेवर चढला तो पूर्वेला, शिकागोच्या दिशेनं. सुलभा मागे दोन गाड्या सोडून राहिली. काळा चष्मा लावला. पाठलाग म्हणून आजवर जे जे बघितलं होतं ते सगळं किती खोटं असतं ते तिला त्या रस्त्यावर कळलं. खऱ्या पाठलागात पुढचा माणूस पाट्यांवर लिहिलेल्या वेगानंच जातो, मागचे ट्रकवाले हॉर्न मारून हैराण होतात, आणि पाठलाग करणारीला लेन बदलताना इंडिकेटर द्यावा लागतो. शहराच्या अलीकडे प्रल्हाद हायवेवरून उतरला. गोदामांची वस्ती होती. पुढच्या चौकात दिवा पिवळा झाला, प्रल्हाद निघून गेला, दिवा लाल झाला. पडद्यावर असतं तर ती आडव्या गाड्यांमधून सुसाट गेली असती. सुलभा थांबली. हिरवा दिवा लागेपर्यंत प्रल्हादची गाडी दिसेनाशी झाली होती.

गोदामांमधून दोन चकरा मारून ती परत फिरली. बाहेर का गेलो होतो याला कारण हवं, म्हणून वाटेत कोथिंबीर घेतली.

दुपारी प्रल्हाद घरी आला, फ्रिज उघडला आणि म्हणाला, "अगं, कोथिंबीर होती की घरात. ही कशाला आणलीस?"

"वाळली होती ती."

त्यानं जुनी जुडी वर धरली. हिरवीगार होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यानं दोन्ही जुड्या फ्रिजमध्ये ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागला. प्रल्हादनं प्लंबरच्या ऑफिसात फोन केला. सुलभा ओट्याशी दुधी चिरत होती, आणि कान अर्थातच तिकडे होते, कारण आता त्याच्या प्रत्येक फोनकडे तिचे कान असत.

"द जंटलमन हू केम ऑन थर्सडे," प्रल्हाद सांगत होता, "दॅट जंटलमन हॅज नॉट फिक्स्ड इट प्रॉपर्ली. काइंडली डू द नीडफुल."

सुरी दुधीत अर्ध्यावर थांबली.

प्रल्हादच्या लेखी अमेरिकेतला प्रत्येक पुरुष जंटलमन होता. गाडी आडवी घालणाराही आणि आपल्या लॉनवर कुत्र्याला शीला बसवणाराही. तीस वर्षं ऐकून ऐकून तिला ते ऐकू येईनासं झालं होतं. तिनं हात पुसले आणि लॅपटॉप उघडून ती नोंद पुन्हा वाचली. वाचताना प्रत्येक वाक्य आता प्रल्हादच्या आवाजात येत होतं.

संशय गेला नाही, नुसती त्याची दिशा बदलली. परस्त्रीबरोबर फिरताना पडद्यावर सापडलेला माणूस स्वतःच चुगली करील कशाला? आणि तीही बायकोकडे? शिकागोचे सिनेमे आपल्याकडे येतात हे त्याला पक्कं माहीत होतं. हा आपली परीक्षा घेतोय का?

तिनं टीव्ही लावला, तो प्रसंग काढला, सफारी भांड्यांच्या दुकानासमोर आल्यावर चित्र थांबवलं आणि हाक मारली. "प्रल्हाद, इकडे ये. हा कोण?"

प्रल्हाद आला. पडद्यावरच्या स्वतःकडे त्यानं बराच वेळ बघितलं, मग सोफ्याच्या कडेवर टेकला.

"किती दिवस लावलेस," तो म्हणाला.

"म्हणजे तूच पाठवलंस."

"हो."

"आणि मी डेव्हनचं विचारलं तेव्हा तोंडावर खोटं बोललास?"

"घाबरलो. पाठवून झाल्यावर घाबरलो. आणि तू विचारलंस कुठे? तू तपासत होतीस. मला कळतं ना, तुझा आवाज बदलतो तेव्हा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एकदा डेव्हनवर मिठाई आणायला गेला असताना दुकानाच्या काचेवर त्यानं कागद पाहिला होता. सिनेमाच्या गर्दीत उभी राहायला भारतीय दिसणारी, वयस्कर माणसं हवी होती. मिशी असल्यास उत्तम. त्यानं मिशी ठेवली. दोन दिवस त्याच फुटपाथवरून चालला. पुन्हा पुन्हा तेच चालणं, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ओरडून सांगायचं, 'सर, दॅट वॉज परफेक्ट.' मग चटकच लागली. शनिवारी कुठेतरी निवड असते, कुठेतरी काम असतं. गोदामांत सेट असतात. विमानतळावरचा प्रवासी झाला, कोर्टातला ज्यूरर झाला.

"एका मालिकेत तर प्रेत झालो होतो," तो सांगताना फुलला.

"छाती हलताना दिसली का?" सुलभाच्या तोंडून निघून गेलं.

प्रल्हाद तिच्याकडे बघत राहिला. "हेच," तो म्हणाला. "हेच, म्हणून सांगितलं नाही."

गळक्या नळाचा आवाज तेवढा येत होता.

"तुला आठवतं का गं, दीपा तिसरीत असताना आपल्या मंडळात मी नाटकात काम केलं होतं? बापाचं काम. तीन महिने तालमी केल्या. शेवटच्या प्रवेशात लोक रडले. आणि गाडीत बसल्या बसल्या तू म्हणालीस, दुसऱ्या अंकात तुझं घड्याळ उजव्या हातात होतं."

सुलभाला घड्याळ आठवलं. लोक रडल्याचं आठवेना. नंतर त्यानं नाटकात काम करणं सोडलं, ते ऑफिसच्या कामामुळे असंच ती सगळ्यांना सांगत आली होती. त्याला तिनं कधी विचारलं नव्हतं.

"मग आता कशाला पाठवलंस?"

"सिनेमा आला तेव्हा मी एकटा जाऊन बघून आलो. दोनदा दिसतो मी. म्हटलं, आता हे सुलभाला दाखवायलाच हवं. तिला आवडेल असं आहे." त्याला हसू आलं. "आणि या वेळी चूक माझी नव्हती ना. फिल्म कापून जोडणाऱ्यांची होती."

सुलभा त्याच्या शेजारी येऊन बसली. पण ती सुलभा होती.

"आणि ती बाई?"

"कोण? ती होय! ढाक्याची आहे बहुतेक. नाव विचारायचंच राहिलं. आम्हाला नवरा-बायको करून चालायला सांगितलं होतं. दोन दिवस ती मला मुलाच्या डेंटल स्कूलबद्दल सांगत होती."

"कोपरात हात कशाला घालायचा त्यासाठी?"

"खांदा दुखत होता म्हणून मी उजवी बाजू दिली तिला," प्रल्हाद म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हे काही तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

रात्री जेवताना तिनं दीपाला फोन लावला आणि स्पीकरवर दोघांनी तिला फैलावर घेतलं. "बाबा मेड मी प्रॉमिस!" दीपा ओरडत होती.

नवऱ्याची नोंद आपणच छापणं सुलभाला बरोबर वाटेना. तिनं ती फ्रीमाँटच्या सौमित्रकडे दिली. तोही तपासनीस, वयानं दीपाएवढा, आणि हे काम सुलभाच्याच हाताखाली शिकलेला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"काकू, हे दोघं वेगळे असू शकतात ना? सफारी काय, चौघांना दिले असतील."

"मिशी बघ ना."

"मुंबई दाखवायचीय काकू. सगळ्यांनाच मिशा आहेत."

"डावा हात बघ मग. हलत नाही तो. खांदा आखडलाय त्याचा."

"हे पडद्यावर कुठे दिसतं?"

"दिसायचं काय त्यात! त्या खांद्याला रोज तेल मी लावते!"

"काकू, यार, हे पुरावा म्हणून कसं धरू? बाहेरची माहिती चालत नाही, तुम्हीच सांगितलंय मला."

नोंद नाकारली गेली. सुलभानं पुन्हा पाठवली, सौमित्रनं पुन्हा नाकारली. आठवडाभर ती धुसफुसत होती. आजवर तिनं किती लोकांना असंच परत पाठवलं होतं आणि एकदाही तिला वाईट वाटलं नव्हतं. प्रल्हाद मात्र मजेत होता. नोंद छापली काय नि नाही काय, बायकोनं त्याला पडद्यावर बघितलं होतं, एवढं त्याला पुरे होतं.

आता शनिवारी तो सांगून जातो. सर्व्हर जागच्या जागी आहेत. गेल्या महिन्यात त्याला पहिल्यांदा एक वाक्य मिळालं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरचं, 'दिस वे, प्लीज'. तीन दिवस तो घरभर तेच म्हणत हिंडत होता. फ्रिजकडे, जिन्याकडे, कपडे वाळवायच्या मशीनकडे हात करून. शेवटी ओट्यापाशी येऊन त्यानं एकदा नीट म्हणून दाखवलं आणि विचारलं, "कसं वाटलं?"

सुलभाला एक गोष्ट खटकली होती. तिनं भाजीला फोडणी घातली आणि म्हणाली, "छान."

प्रल्हाद तिथंच उभा राहिला. "नुसतं छान?"

"छान म्हणजे छान."

"काय चुकलं ते सांग."

"काही नाही चुकलं."

"सुलभा, खरं सांग," तो म्हणाला आणि डोळे बारीक करून तिचा चेहरा निरखायला लागला.